शेजारची राजधानी

घोड नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो. पुढे गव्हाणवाडी, नारायणगव्हाण, सुपे, चास ही गावे मागे टाकत शिरूरपासून साधारण पंचावन्न किलोमीटरवर नगर येते. दौंडच्या माणसाला हाच प्रवास रेल्वेने घडतो. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून काष्टी, बेलवंडी, विसापूर, सारोळा ही स्टेशने दौंडकरांना तोंडपाठ आहेत. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या मुसलमान घरांचे नगरशी येणेजाणे मोठे. सोयरिकी तिकडे, मोठा दवाखाना तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे. एवढे असूनही नगर 'पाहायला' म्हणून जाणारे घर सापडणे कठीण. मुलांच्या सहली वेरूळला जातात, गोळघुमट पाहायला विजापूरला जातात, चारमिनार पाहायला हैदराबादला जातात. चारमिनार बांधला गेला १५९१ साली. नगर तोवर जवळजवळ शंभर वर्षे एका स्वतंत्र राज्याची राजधानी म्हणून नांदत होते, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही.

अलीकडे नगरचे नाव चर्चेत आले ते वेगळ्या कारणाने. २०२४ साली शासनाने शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर केले. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातल्या चौंडी गावचा. त्यांच्याविषयी आदर नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. नामांतराच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलून झाले आहे, त्यात भर घालण्याचा इथे इरादा नाही. लोकांच्या बोलीत हे गाव पूर्वीही 'नगर' होते आणि आजही 'नगर'च आहे. या लेखातही तेच नाव वापरतो. विचारायचे आहे ते एवढेच, की ज्या शहराच्या नावावरून आपण इतके हळवे होतो, ते शहर आपण कधी डोळे उघडे ठेवून पाहिले आहे का?

जुन्नरहून नगर

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. निजामशाही म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हैदराबादचा निजाम येतो. तो वेगळा. हैदराबादच्या निजामाचे घराणे १७२४ नंतरचे. नगरची निजामशाही त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधीची, आणि तिची मुळे पुणे जिल्ह्यात आहेत. बहमनी राज्याचा वजीर मलिक हसन बहरी याचा मुलगा मलिक अहमद हा जुन्नरला सुभेदार होता. १४८६ साली वजिराची हत्या झाली. पुढे बहमनी दरबाराने मलिक अहमदवर फौजा पाठवल्या. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने बहमनी सेनापती जहांगीरखान याच्या फौजेचा पराभव केला आणि तो स्वतंत्र झाला. जिंकल्या जागी त्याने बाग केली. १४९४ साली त्या बागेजवळ, सीना नदीच्या काठी, नव्या शहराचा पाया घातला. काही वर्षांतच लोक या शहराची तुलना कैरो आणि बगदादशी करू लागले, असे जुने इतिहासकार लिहितात. दरबारी लिखाणातली अतिशयोक्ती वजा केली तरी शहर झपाट्याने वाढले, हे खरे.

हे राज्य कोणाचे होते? शाळेच्या पुस्तकात 'मुसलमानी राज्य' एवढ्यावर ते संपते. फिरिश्ता या इतिहासकाराचे बालपण आणि तारुण्य नगरच्या दरबारात गेले. तो सांगतो की मलिक हसन जन्माने ब्राह्मण होता आणि विजयनगरवरच्या मोहिमेत पकडला जाऊन बहमनी दरबारात आला. घराण्याचे मूळ गाव मराठवाड्यातले पाथरी. हे आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून दुसरा सुलतान बुऱ्हाण निजामशहा याने ते वऱ्हाडच्या इमादशाहीकडे मागितले आणि त्या एका गावापायी लढाया झाल्या. याच बुऱ्हाणने १५२९ साली कावरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवा केले. पुण्याच्या पेशव्यांआधी जवळजवळ दोनशे वर्षे! त्याचा गुरू शाह ताहिर इराणातून आलेला. त्याच्या प्रभावाने १५३७ साली बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. पुढच्या काळात राज्य सावरले ते मलिक अंबरने, म्हणजे हबशी देशातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने. दख्खनी, इराणी, हबशी, मराठे, ब्राह्मण असे सगळे या राजधानीत वावरत होते. ते भांडत होते, एकमेकांचे गळेही कापत होते, पण शहर उभे राहिले ते सगळ्यांच्या हातांनी.

भोसले घराण्याची कथा तर सर्वांना ठाऊक असायला हवी. वेरूळचे मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. पुणे आणि सुपे या परगण्यांची जहागीर त्यांना निजामशहाकडून मिळाली. त्यांना मूल होत नव्हते. नगरच्या शाह शरीफ या पिराला त्यांनी नवस केला, दोन मुलगे झाले, आणि पिराच्या नावावरून एकाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, असे बखरी सांगतात. शाह शरीफ यांचा दर्गा नगरजवळ दर्गादायरा इथे आहे. १६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा तो मुलूख निजामशाहीचाच होता. निजामशाही १६३६ साली बुडाली आणि मोगल व आदिलशाही यांनी तिची वाटणी केली. ढोबळमानाने भीमेच्या दक्षिणेचा मुलूख आदिलशहाकडे गेला आणि उत्तरेचा मोगलांकडे. म्हणजे दौंडची बाजू विजापूरकडे आणि शिरूरची दिल्लीकडे. त्याआधी दोन्ही बाजूंचा शेतसारा एकाच राजधानीच्या खात्यावर चढत होता. आपण नगरला परगावचे पाहुणे म्हणून जात नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवून शहर पाहायला निघावे.

भुईकोट

आधी किल्ला. डोंगरी किल्ले पाहिलेल्या माणसाची इथे जरा निराशा होते. हा भुईकोट आहे. सपाट जमिनीवर गोल तटबंदी, बुरुज आणि भोवती रुंद खंदक. दुरून तो फारसा दिसतही नाही, आणि तेच त्याचे कौशल्य. आधी इथे मातीचा कोट होता. १५५९ पासून हुसेन निजामशहाने तो दगडात बांधून काढला. हाच हुसेन निजामशहा १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजापूर, गोवळकोंडा आणि बीदरच्या बरोबरीने लढला. त्याच्या कारकिर्दीवर 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचे सचित्र फारसी काव्य रचले गेले. दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते, आणि त्याचे हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्या चित्रांत हुसेनची बेगम खुंजा हुमायूनही काढलेली होती. नंतर कोणीतरी ती अनेक चित्रांतून पुसून टाकली. इतिहासातून बाई पुसण्याचा हा प्रकार चित्रापुरता राहिला नाही, हे पुढे दिसेलच.

या खुंजा हुमायूनची मुलगी म्हणजे चांदबिबी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचे लग्न झाले होते. विधवा झाल्यावर विजापूरचा कारभार सांभाळून ती माहेरी परतली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरला वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग आतल्यांनी शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला भगदाड पडले. चेहऱ्यावर नकाब आणि हातात नंगी तलवार घेऊन चांदबिबी त्या भगदाडापाशी उभी राहिली, आणि रातोरात तट पुन्हा उभारला गेला. गोळ्या संपल्यावर तोफांत तांब्याची, चांदीची नाणी भरली, असेही लोक सांगतात. १५९६ साली वऱ्हाड देऊन तिने तह केला आणि राजधानी वाचवली. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. शत्रू बलाढ्य आहे, बोलणी करून सैन्य सुखरूप बाहेर काढावे, असा तिने विचार केला, तर तिच्याच माणसांनी फितुरीचा आळ घेऊन तिचा खून केला. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. चांदबिबीची हिंमत आपल्याकडे गायली जाते. तिचा शेवट आपल्याच लोकांच्या संशयाने झाला, हे सांगताना आवाज खाली येतो.

किल्ला पुढे १७५९ साली पेशव्यांकडे आणि नंतर शिंद्यांकडे गेला. नाना फडणीस १७९८ साली इथे कैदेत होते. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो इंग्रजांसाठी घेतला. १९४२ च्या 'चले जाव' ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथे आणून ठेवले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' याच कैदेत लिहिले. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे 'गुबार-ए-खातिर' हे उर्दू गद्यातले अनमोल पुस्तकही इथलेच. पत्रे लिहायला आणि पाठवायला बंदी, म्हणून मौलाना आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून न पाठवायची पत्रे लिहीत राहिले. त्यांत भल्या पहाटेचा चहा आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत, या किल्ल्याचा जुना इतिहास आहे, आणि एप्रिल १९४३ मध्ये दूर कलकत्त्यात वारलेल्या पत्नीची खबरही आहे. नेत्यांच्या त्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. उर्दू घरातले मूल सहलीला नेले, तर त्याला त्या खोलीपाशी उभे करून चिमण्यांची गोष्ट सांगावी. जागा लष्कराच्या ताब्यातली आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवावे.

एक दमडी

किल्ल्यापासून जवळच दमडी मशीद आहे. ही मशीद आकाराने लहान आहे, पण पाहणाऱ्याचे पाय तिथून निघत नाहीत. प्रचंड दगडांवर इतके नाजूक कोरीवकाम आहे की दगड आहे की लाकूड असा प्रश्न पडावा. बांधकामाचे साल १५६७ सांगतात, म्हणजे किल्ल्याचे दगडी काम झाल्यानंतरच्या काही वर्षांतले. नावामागची कथा अशी, की किल्ल्याच्या बांधकामावरचे मजूर आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला टाकत आणि त्या पैशातून ही मशीद उभी राहिली. कथेला कागदाचा आधार कितपत, हा भाग निराळा. पण लोकांनी शेकडो वर्षे ही कथा जपली, यालाही अर्थ आहे. सुलतानांच्या नावाच्या इमारती ढासळल्या आणि ही मात्र मजुरांच्या नाण्याच्या नावाने उभी आहे.

यात आपल्यासाठी एक गोष्ट आहे. जुन्या इमारती पाहताना आपल्यापैकी काहींना 'आमचे राज्य होते' असा अभिमान वाटतो, आणि तसे वाटले की इतरांचा संशय पदरी येतो. दुसरे काही जण त्या संशयाला भिऊन या इमारतींपासून चार हात दूर राहतात. दोन्ही बाजू चुकतात. शिरूर-दौंडच्या गल्ल्यांत राहणारे अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मुलाणी, शिकलगार, मणियार हे कुठल्या सुलतानाचे वंशज? आपले पूर्वज तख्तावर बसलेले नव्हते. ते दगड घडवत होते, चुना मळत होते, कापूस पिंजत होते, तलवारींना धार लावत होते. त्यांच्या शेजारी पाथरवट, सुतार, कुंभार, बेलदार काम करत होते. वारसा सांगायचाच असेल तर त्या दमडीवाल्यांचा सांगावा. तो सांगताना कोणापुढे मान खाली घालायला नको, आणि कोणावर डोळे वटारायलाही नकोत.

शहराच्या पश्चिमेला सीनेजवळ बाग रौजा आहे. अहमद निजामशहाची कबर तिथे काळ्या दगडाच्या घुमटाखाली आहे. गावाला ज्याने नाव दिले त्याच्या कबरीपाशी बहुतेक वेळा शुकशुकाट असतो. त्याचा मुलगा बुऱ्हाण याच्या अस्थी पुढे करबलेला नेल्या. आवारातच एक छोटे स्मारक दाखवून लोक सांगतात, की तालिकोटच्या रणात रामरायाला पकडणाऱ्या गुलामअली नावाच्या हत्तीचे ते आहे.

पाण्याची राजधानी

नगरचा परिसर अवर्षणाचा. शिरूरच्या पूर्वेकडच्या आणि दौंडच्या जिरायती गावांना अवर्षण म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. अशा जागी मोठे शहर आणि त्यात बागा कशा फुलवल्या? उत्तर जमिनीखाली आहे. भोवतालच्या डोंगरांच्या पायथ्याचे आणि विहिरींचे पाणी खापरी नळांतून शहरात आणले होते. उताराचा अंदाज घेत नळ टाकायचे, मध्ये मध्ये हवा आणि गाळ यांसाठी उसासे ठेवायचे, आणि शेवटी हौदात पाणी सोडायचे. मोटार नाही, वीज नाही. हे पाणी वाड्यांत आणि हमामांत जाई, तसेच रस्त्यावरच्या हौदांतही येई. कपूरवाडी, शहापूर, भिंगार या बाजूंनी असे नळ येत.

या पाण्याचा सगळ्यात देखणा उपयोग फराहबागेत दिसतो. शहराच्या आग्नेयेला, एका मोठ्या तलावाच्या मधोमध, अष्टकोनी महाल. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत त्याचे काम चालले आणि वजीर सलाबतखानाने ते १५८३ साली पुरे केले. आज तलावात पाणी नाही. चुन्याच्या गिलाव्याचे पापुद्रे निघाले आहेत. तरी आत गेल्यावर उंच कमानींखालचा गारवा अंगाला लागतो आणि ऐन उन्हाळ्यात या महालात काय वाटत असेल याची कल्पना येते. भिंतींवर कोळशाने आणि खिळ्याने कोरलेली नावेही दिसतात. त्यांत सर्व धर्मांची नावे आहेत, या बाबतीत आपली एकी वाखाणण्यासारखी आहे!

पाणी शस्त्र म्हणूनही वापरले गेले. शहराबाहेर भातवडीचा तलाव आहे. १६२४ साली तिथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला, असे सांगतात. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी धारातीर्थी पडले. शाह शरीफ यांच्या नावाचा मुलगा शाह शरीफ यांच्याच गावाजवळ, निजामशाहीसाठी लढताना मेला. हे एक वाक्य जरी मुलांना नीट समजावले, तरी दख्खनचा इतिहास दोन रंगांत रंगवणे अवघड जाईल.

महाल कोणाचा

नगरच्या पूर्वेला, पाथर्डीच्या वाटेवर, शाह डोंगरावर एक तीनमजली अष्टकोनी इमारत दूरवरून दिसते. नगरला येणारा प्रत्येक जण तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. इमारत महाल नाही आणि चांदबिबीची तर नाहीच. तो सलाबतखानाचा मकबरा. खाली तळघरात कबरी आहेत. फराहबाग पुरी करणारा, तलाव बांधणारा हाच तो वजीर. १५८९ साली तो वारला. इमारतीचे काम मनात होते तसे पुरे झाले नाही. तिचे साधे दगडी रूप त्यामुळेच अधिक भारदस्त वाटते.

असे नाव का बदलले असेल? लोकांना चांदबिबी आवडली, म्हणून. तिच्या नावाची एकही मोठी इमारत शहरात नव्हती, तेव्हा लोकांनी सगळ्यात उंच जागची इमारत तिला देऊन टाकली. चित्रांतून आई पुसली गेली, पण लेकीला जनतेने डोंगरावर नेऊन बसवले. एका परीने हा न्यायच झाला. पण त्या न्यायात सलाबतखान विसरला गेला. त्याची ओळख राज्य जिंकल्याची नाही. त्याने तलाव बांधले, झाडे लावली, रस्ते सुरक्षित ठेवले, आणि आपल्या जिवावर उठलेल्या सुलतानाच्या हुकमाबरहुकूम मुकाट्याने कैदेत जाऊन बसला. लोकांचे प्रेम आणि कागदांतले सत्य या दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. 'लोक याला चांदबिबी महाल म्हणतात, पण आत झोपलाय तो पाणी आणणारा वजीर', एवढे म्हटले की पुरे.

कोठल्यापासून पोर्ट ऑफ स्पेनपर्यंत

राजधानी गेली, तख्त गेले, तरी एक गोष्ट रस्त्यावर अजून जिवंत आहे. नगरचा मोहरम. बारा इमाम कोठला हा शाह ताहिरच्या काळापासूनचा. तिथल्या सवारीच्या मिरवणुकीला नगरची हिंदू-मुसलमान दोन्ही माणसे लोटतात, नवस बोलतात, चादर आणि फुले वाहतात. शिरूर-दौंडच्या खेड्यांतही ताबूत बसत आणि त्यांचे मानकरी पाटील-देशमुखांच्या घरचे असत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मोहरमविषयी आपल्यात धार्मिक मतभेद आहेत. कोणाला ही चाल पटते, कोणाला पटत नाही. पण ती इतिहासाची साक्षीदार आहे, हे मान्य करायला अडचण नसावी.

याच मोहरमचा एक भाऊ सातासमुद्रापार आहे. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर १८४५ पासून हिंदुस्थानातले गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांनी आपल्याबरोबर ताजिये नेले. तिथे त्या सणाला 'होसे' म्हणतात, हुसेन या नावाचाच तो अपभ्रंश. १८८४ साली इंग्रज सरकारने मिरवणुकीवर गोळीबार केला, माणसे मेली, पण होसे थांबला नाही. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आजही बांबू-कागदाचे उंच ताजिये निघतात, हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे लोक त्यात ढोल वाजवतात, आणि शेवटी ते समुद्रात विसर्जित होतात. त्या भागातल्या रस्त्यांना दिल्ली, लखनौ, बंगाल अशी नावे आहेत. त्या राजधानीला भेट देणाऱ्या पाहुण्याला होसे आवर्जून दाखवतात, कारण हा मजुरांचा वारसा आता सगळ्या शहराचा झाला आहे. तिकडच्या मजुरांचे ताजिये आणि इकडच्या मजुरांची दमडी यांत मला फार अंतर वाटत नाही. फरक एवढाच, की त्यांनी आपली गोष्ट पाहुण्यांना सांगायची सवय ठेवली आणि आपण आपली गोष्ट घरातही सांगत नाही.

परतीच्या वाटेवर

भिंगारजवळ 'आलमगीर' नावाची जागा आहे. १७०७ साली औरंगजेब इथे मेला. पुढे त्याला खुलदाबादला पुरले. मराठ्यांना संपवायला पंचवीस वर्षे दख्खनमध्ये हिंडलेला बादशहा अखेर नगरच्या मातीत थकून पडला. नगर जिंकूनही मोगलांना दख्खन पचला नाही, याची ती खूण.

परतताना आपल्याच दोन तालुक्यांकडे त्याच नजरेने पाहावे. शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीची कबर आहे. १७४० साली बाजीराव गेले आणि पाठोपाठ तीही गेली. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांकडून लढताना जखमी होऊन वारला. शिरूर गावात कर्नल वॉलेसची समाधी आहे. १८०३ च्या वेलस्लीच्या मोहिमेतला हा अधिकारी १८०९ साली वारला आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी त्याला 'सतपुरुष' ठरवून धान्य वाहायला सुरुवात केली. दौंड तालुक्याच्या समोर, भीमेच्या पलीकडच्या काठावर, पेडगावचा किल्ला आहे. मोगल सुभेदार बहादूरखानाचे नाव त्याला मिळाले, आत यादवकालीन लक्ष्मी-नारायणाचे देऊळ आहे, आणि १६८९ साली कैद केलेल्या संभाजीराजांना औरंगजेबापुढे याच किल्ल्यात आणले. आज किल्ल्याला धर्मवीरगड म्हणतात. एका भिंतीच्या आत देऊळ, मोगल वाडे आणि मराठ्यांचे दुःख, सगळे एकत्र पडले आहे. त्यातले एकच उचलून बाकीचे फेकून देता येत नाही.

यासाठी कोणत्या संस्थेची वाट पाहायला नको. शिरूरहून सकाळच्या एसटीने निघालेले कुटुंब किल्ला, दमडी मशीद, बाग रौजा आणि फराहबाग पाहून रात्री घरी येऊ शकते. दौंडकरांनी एक मुक्काम केला तर सलाबतखानाचा डोंगरही होईल. बरोबर शेजारची मुले घ्यावीत, आपलीच नव्हे. मशिदीत कोरीवकामाला हात लावू देऊ नये, भिंतीवर नाव लिहू देऊ नये. घरच्या म्हाताऱ्यांना नगरच्या ज्या गोष्टी ठाऊक असतील त्या वहीत उतरवून घ्याव्यात, आणि गोष्ट कोणती नि नोंद कोणती हे वेगळे लिहावे. शहराचे नाव ठरवणे आपल्या हातात नव्हते. मुलाने 'हे कोणी बांधले?' असे विचारले तर त्याला नीट उत्तर देणे आपल्या हातात आहे.